जहाजावरचं जेवण आणि नाशिकची आंघोळ : एका साध्या प्रश्नाचा पाठलाग

मागच्या महिन्यात पंचवटीच्या मावशीचा फोन आला. लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला ती आणि काका मुंबईहून क्रूझवर जाणार आहेत. तिकिटं मुलाने काढून दिली. सोबत चार पानांची माहिती आली, आणि ती वाचून काका बिथरले.

"अगं, जेवण तिकिटात आहे म्हणाला होता ना हा? मग इथे लिहिलंय, अमुक रेस्टॉरंटमध्ये बसायचं तर माणशी वेगळे पैसे. वर कॉलरचा शर्ट हवा, बंद बूट हवेत, चप्पल चालणार नाही. काका म्हणतात, पैसे आम्ही द्यायचे आणि कपडे त्यांनी ठरवायचे? तू संशोधन करतेस ना, मग सांग बरं, हे कधीपासून सुरू झालं?"

माझं संशोधन द्राक्षाच्या सालीवरच्या यीस्टचं. मी एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्रात केलं. जहाजांशी माझा काहीही संबंध नाही. पण मावशीला "माझा विषय नाही" असं सांगण्याची सोय नसते. म्हणून दोन-तीन आठवडे रात्री लॅबमधून आल्यावर मी हेच वाचत बसले, आणि शोधता शोधता पुन्हा पंचवटीतच, मावशीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, येऊन पोचले. पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांना या पाठलागातून काही मिळेल असं वाटलं, म्हणून हा लेख.

आधी प्रश्न सरळ करून घेऊ

मावशीच्या वाक्यात तीन प्रश्न आहेत. वेगळे पैसे का घेतात? कपडे का ठरवतात? आणि हे कधीपासून? पहिला धंद्याचा, दुसरा समाजाचा, तिसरा इतिहासाचा. तिन्ही एकदम सोडवायला गेलं की एकही सुटत नाही. प्रपोजल लिहिताना आपण सगळे हीच चूक करतो (मी तर दोनदा केली). म्हणून आधी सगळ्यात सोपा धागा धरला: जहाजावर, भाड्यात जेवण असूनही, वेगळ्या पैशाचं वेगळं टेबल कधी आलं?

याचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट मिळतं. १९०५ मध्ये हॅम्बुर्ग-अमेरिका लाइन या जर्मन कंपनीने 'अमेरिका' नावाचं जहाज पाण्यात आणलं. त्यावर 'रिट्झ-कार्लटन' नावाचं रेस्टॉरंट होतं, आणि ते उभारण्यात सेझार रिट्झ आणि एस्कोफिए या त्या काळातल्या सगळ्यात नावाजलेल्या हॉटेलवाल्या आणि शेफच्या जोडीचा हात होता. तोपर्यंत पहिल्या वर्गाचं जेवण म्हणजे एक मोठं दालन, ठरलेली वेळ, ठरलेले पदार्थ. इथे मात्र हव्या त्या वेळी या, यादीतून हवं ते मागवा, आणि त्याचे पैसे वेगळे द्या.

१९१२ च्या 'टायटॅनिक'वरही असंच रेस्टॉरंट होतं. ते लुइजी गाटी नावाचा इटालियन माणूस ठेक्यावर चालवायचा. गंमत म्हणजे, जो प्रवासी सगळं जेवण या रेस्टॉरंटमध्येच घेईन म्हणेल, त्याला कंपनी भाड्यात थोडी सूट द्यायची. म्हणजे हिशेब निदान सरळ होता. मावशीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आम्हाला नाही बाई कुणी सूट दिली."

कपड्याने वाचलेला माणूस

टायटॅनिक बुडालं तेव्हा गाटीच्या रेस्टॉरंटचे साठ-सत्तर कामगार जहाजावर होते. त्यातले तिघे वाचले. दोघी रोखपाल बायका होत्या आणि तिसरा पॉल मोझे, मुख्य आचाऱ्याचा सचिव. गाटीही गेला.

या मोझेची साक्ष ब्रिटिश चौकशी आयोगापुढे झाली आणि ती छापलेली आहे. त्याने सांगितलं की रेस्टॉरंटच्या माणसांना वरच्या डेकवर जाऊ दिलं जात नव्हतं, स्टुअर्ड वाट अडवून उभे होते. मग तुला कसं सोडलं? त्याचं उत्तर असं होतं, की माझ्या आणि शेफच्या अंगावर कामाचे कपडे नव्हते, प्रवाशासारखे साधे कपडे होते, म्हणूनच बहुधा आम्हाला जाऊ दिलं.

हे वाचून मी लॅपटॉप बंद केला. तोवर 'ड्रेस कोड' म्हणजे काकांच्या चपलांचा विनोद होता. आता कळलं, की जहाजावरचा कपडा हा शोभेपेक्षा ओळखपत्रासारखा असतो. तू कुठे बसायचं आणि कुठे थांबायचं, हे तो न विचारता सांगतो. मग मावशीचा प्रश्न मी माझ्यापुरता बदलून घेतला: जहाजावरच्या टेबलाशी कुणी, काय घालून बसायचं हे कोण ठरवत होतं, आणि त्याचे पैसे कोण, कुठे वसूल करत होतं?

प्रश्न असा बदलल्यावर उत्तर फक्त अटलांटिकवर शोधून चालेना. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांकडे वळावं लागलं.

१८८८ : 'क्लाइड' जहाजावरचा एक विद्यार्थी

४ सप्टेंबर १८८८ ला मुंबईहून पी अँड ओ कंपनीचं 'क्लाइड' हे जहाज निघालं. त्यावर अठरा वर्षांचा मोहनदास गांधी होता, बॅरिस्टर व्हायला निघालेला. जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजुमदार त्याच्या केबिनमध्ये होते. निघायच्या आधीच मुंबईत जातीची सभा भरून त्याला वाळीत टाकलं गेलं होतं. शिवाय त्याला जो मदत करेल किंवा धक्क्यावर निरोप द्यायला जाईल, त्याला सव्वा रुपया दंड.

आत्मचरित्रात गांधींनी जहाजावरची अडचण मोकळेपणाने लिहिली आहे. काटे-चमचे वापरता येत नव्हते. कुठल्या पदार्थात मांस नाही, हे विचारायचा धीर होत नव्हता. म्हणून ते टेबलावर जेवायला गेलेच नाहीत, केबिनमध्येच खायचे. कपड्यांचंही तसंच. जहाजावर काळा सूट वापरला आणि मित्रांनी करून दिलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट उतरताना घालायला म्हणून राखून ठेवला. उतरले तेव्हा सप्टेंबर संपत आला होता, आणि साऱ्या बंदरावर पांढऱ्या कपड्यातला माणूस हा एकटाच. सामान आणि किल्ल्या एजंटाकडे दिलेल्या, त्यामुळे बदलायलाही काही नाही.

पुढे लंडनच्या व्हिक्टोरिया हॉटेलचं बिल आलं, तीन पौंड. एक पदार्थ आवडला नाही म्हणून दुसरा मागवला, तर पैसे दोन्हींचे लागले, आणि पोट तरीही रिकामंच. आपल्याकडे पंगतीत पान वाढलं की वाढलं, नाही आवडलं तर बाजूला सारायचं. प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र किंमत असते, हे त्या मुलाला बिल हातात पडल्यावर कळलं.

इथे तयारी करणाऱ्यांसाठी एक थांबा. आत्मचरित्र गांधींनी १९२५ पासून पुढे लिहिलं, म्हणजे प्रवासानंतर जवळपास सदतीस वर्षांनी. त्यात म्हटलंय की बरोबर आणलेली मिठाई आणि फळं हेच मुख्यतः खाणं होतं. पण १८८८ मध्येच लिहिलेली त्यांची 'लंडन डायरी' वाचली तर आणखी एक गोष्ट सापडते. पहिले दोन दिवस मिठाई-फळांवर काढले, मग मजुमदारांनी जहाजावरच्या काही पोरांशी बोलून जेवण करून घेण्याची सोय लावली. दोन्ही मजकूर एकाच माणसाचे, तरी तपशील वेगळा. कुणी खोटं बोलतंय असं नाही. आठवण गाळणीसारखी असते, मोठे कण राहतात आणि बारीक निघून जातात. आपल्या प्रश्नासाठी नेमका बारीक कणच महत्त्वाचा आहे, कारण जेवण कुणी शिजवलं हाच तर तेव्हाच्या जातीचा पहिला प्रश्न असणार होता.

१८९१ : वसुली नाशिकला

जुलै १८९१ मध्ये गांधी परत आले. मुंबईत उतरल्यावर भावाने आई गेल्याची बातमी सांगितली. ती इतके दिवस त्यांच्यापासून लपवून ठेवली होती. जातीत परदेशगमनावरून दोन तट पडलेले. एक तट परत घ्यायला तयार, दुसरा अडून बसलेला. तयार असलेल्या तटाचं समाधान व्हावं म्हणून राजकोटला जाण्याआधी भाऊ त्यांना घेऊन आला नाशिकला. गोदावरीत स्नान झालं. मग राजकोटला जातजेवण घातलं गेलं. हे सगळं आपल्याला आवडलं नव्हतं, पण भावाच्या प्रेमापुढे इलाज नव्हता, असं त्यांनीच लिहून ठेवलंय.

मी नाशिकची. गोदाकाठी इतक्यांदा गेले, पण हे मला ठाऊक नव्हतं. जहाजाचं भाडं मुंबईत भरलं, जेवण त्यातच होतं, ते टेबलावर खाल्लंही नाही. तरी त्या जेवणाचा आकार तीन वर्षांनी आमच्या घाटावर लागला. त्यात नाशिकची वारी, तीर्थस्नान आणि अख्ख्या जातीला जेवण. ही रक्कम कुठल्याच तिकिटावर छापलेली नव्हती.

आणि एवढं करूनही पावती अर्धीच मिळाली. जो तट अडून बसला होता, त्याच्या नियमाप्रमाणे गांधींना सासरी किंवा बहिणीकडे पाणीसुद्धा पिता येत नव्हतं. त्यांनी लपूनछपून पाजायची तयारी दाखवली, ते या माणसाने नाकारलं.

समुद्र की टेबल? एक छोटासा प्रयोग

इथे माझ्यातली लॅबवाली जागी झाली. सगळीकडे एकच वाक्य वाचायला मिळतं: 'समुद्र ओलांडणं निषिद्ध होतं, म्हणून प्रायश्चित्त.' पण लंडनला जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत दोन गोष्टी एकदम बदलतात. तो समुद्रावर जातो, आणि परक्याच्या टेबलावर परक्याच्या हातचं खातो. दोन चल एकत्र बदलले तर परिणाम कशाचा, हे सांगता येत नाही. वेगवेगळे करून पाहायला हवेत. इतिहासात आपण प्रयोग करू शकत नाही, पण घडून गेलेली उदाहरणं चौकटीत मांडून बघू शकतो.

समुद्र आहे, परकं टेबल नाही. मुंबई ते रत्नागिरी, मालवण, पणजी अशा आगबोटी याच अरबी समुद्रातून चालायच्या. कोकणातले चाकरमानी शिमग्याला-गणपतीला त्यांनीच गावी जायचे, शिदोरी बरोबर बांधून. बोटीतून उतरलो म्हणून शुद्धी करून घ्या, असं त्यांना कुणी म्हणत नसे.

समुद्र नाही, परकं टेबल आहे. ऑक्टोबर १८९०, पुण्याचं पंच हौद मिशन. व्याख्यानाला म्हणून बोलावलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. बोलावण्यामागे गोपाळराव जोशी होते, डॉ. आनंदीबाई जोशींचे यजमान. कुणी घेतला, कुणी नुसता कप हातात धरला. गोपाळरावांनीच नंतर हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनीही शेवटी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि त्यावरून त्यांच्याच सुधारक मित्रांचे बोल ऐकले. इथे समुद्राचा थेंब नाही, फक्त चहा.

समुद्र आहे आणि टेबलही आहे. १८९१ चे गांधी. प्रायश्चित्त.

इथवर आल्यावर मला फार आनंद झाला. गृहीतक स्वच्छ दिसत होतं: भांडण समुद्राशी नव्हतंच, टेबलाशी होतं. मावशीला रात्री साडेदहाला मेसेजसुद्धा टाकला. आणि दोन दिवसांनी हनुमंतराव भेटले.

गृहीतक मोडतं

पुन्हा नाशिकच. गंगापूर रोडने जाताना आनंदवल्ली लागते, ती राघोबादादा पेशव्यांची. पेशवेपदासाठी इंग्रजांची मदत मिळावी म्हणून राघोबादादांनी आपले वकील विलायतेला पाठवले. १७८१ मध्ये ते लंडनमध्ये होते. त्यातले एक हनुमंतराव, ब्राह्मण. तिथे त्यांच्या खाण्यापिण्याचे हाल बघून एडमंड बर्क या खासदाराने त्यांना आपल्या गावाकडच्या घरी नेलं आणि काचेचं रोपघर मोकळं करून दिलं. तिथे ते स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नियमाप्रमाणे स्वयंपाक करून जेवायचे.

म्हणजे माझ्या चौकटीतलं हे सगळ्यात मोलाचं उदाहरण. समुद्र आहे, परका देश आहे, पण परकं टेबल कटाक्षाने टाळलेलं. माझं गृहीतक खरं असेल तर यांना काही भरावं लागू नये.

पण फ्रान्सिस विल्फर्ड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडात जे लिहिलंय ते वेगळंच आहे. तो म्हणतो, हे वकील परत आल्यावर त्यांना बहिष्कृत मानलं गेलं. बऱ्याच सभा झाल्या. शेवटी सोन्याच्या योनिप्रतिमेतून पार होऊन पुनर्जन्म घ्यावा असं ठरलं. राघोबादादांनी ती शुद्ध सोन्याची, पुऱ्या मापाची करवली, ब्राह्मणांना भरघोस दानं दिली, आणि मग वकिलांना जातीत परत घेतलं. हातचं खाऊन, नियम पाळूनही सगळ्यात जबर बिल यांचंच.

आता हा विल्फर्ड कितपत विश्वासाचा? हे विचारलंच पाहिजे. तो बनारसला बसून लिहीत होता, आणि त्याच्या पंडिताने त्याला हवे तसे श्लोक हस्तलिखितांत घुसडून दिले होते. आपण फसलो, हे विल्फर्डने पुढे १८०५ मध्ये स्वतःच छापून कबूल केलं. शिवाय मे १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर राघोबादादा पेन्शनीवर कोपरगावला होते, १७८३ मध्ये वारले. अशा माणसाकडे पुऱ्या मापाच्या सुवर्णप्रतिमेइतकं सोनं कुठून आलं? फ्रेझरसारख्या नामवंत अभ्यासकाने पुढे ही हकीकत आपल्या ग्रंथात उचलली. पण दहा ठिकाणी छापलेली गोष्ट म्हणजे दहा पुरावे नव्हेत. मूळ एकच असेल तर पुरावाही एकच. साहित्य परीक्षणात संदर्भ मोजताना हे विसरू नका.

तेव्हा सोन्याचं माप मी बाजूला ठेवते. विलायतेहून आलेल्या वकिलांना शुद्धी करावी लागली, एवढा गाभा मात्र बाकीच्या उदाहरणांशी जुळतो. आणि तेवढ्याने माझं स्वच्छ गृहीतक मोडतं. फक्त टेबल हे कारण पुरत नाही.

मग काय उरतं?

मोडलेलं गृहीतक फेकायचं नसतं. ते कुठे मोडलं ते बघायचं असतं. कोकणातल्या चाकरमान्याची शिदोरी कुणी तपासत नव्हतं, कारण बोटीवर आजूबाजूला गावचीच माणसं असायची. तपासायची गरजच नव्हती. पंच हौदात कुणी चहा प्याला आणि कुणी नाही, हे कुणालाच खात्रीने सांगता येईना. आणि लंडनला गेलेल्याने 'मी नियम पाळले' म्हटलं तरी ते बघायला तिथे जातीतलं कुणी नव्हतं. बर्कच्या रोपघरातला स्वयंपाक असो की 'क्लाइड'वरच्या पोरांनी केलेलं जेवण, साक्षीदार नाही.

म्हणून माझं सुधारलेलं म्हणणं असं: प्रायश्चित्त हे काय खाल्लं याचं बिल नव्हतं. जिथे जातीची नजर पोचत नाही अशा जागी जाऊन बसल्याचं ते सरसकट शुल्क होतं. आत जाऊन तुम्ही जेवलात की उपाशी राहिलात, रक्कम तीच. मावशीच्या कागदावर 'कव्हर चार्ज' म्हणून जो आकडा छापलाय, तो याच जातीचा आहे. तो पदार्थाचा नसतो, दार ओलांडल्याचा असतो.

हे म्हणणं खोटं ठरवायचं असेल तर काय शोधावं लागेल, तेही सांगून ठेवते. विलायतेला जाताना जातीतला विश्वासू साक्षीदार बरोबर होता, त्याने ग्वाही दिली आणि प्रायश्चित्त माफ झालं, अशी चार-दोन उदाहरणं मिळाली तर माझं म्हणणं घट्ट होईल. साक्षीदार असूनही शुल्क तेच राहिलेलं दिसलं तर सैल होईल. प्रत्येक दाव्याशेजारी हे वाक्य लिहायची सवय लावा. व्हायवामध्ये उपयोगी पडते.

दाराच्या दोन्ही बाजूंची माणसं

इथे थांबता आलं असतं. पण आतापर्यंतची सगळी माणसं टेबलाशी बसणारी होती. ताट आणणारे कुठे आहेत?

पी अँड ओच्या जहाजांवर जेवणाच्या दालनातले वाढपी आणि आचारी मोठ्या संख्येने गोव्याचे ख्रिश्चन होते. गोमांस, डुकराचं मांस, दारू, कशालाच त्यांची हरकत नव्हती, म्हणून कंपन्यांना ते सोयीचे. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास गावागावांची 'कूड' असायची. तिथे हे खलाशी एक जहाज सुटून दुसरं मिळेपर्यंत राहायचे. पांढराशुभ्र गणवेश, पण तो घालून त्या टेबलाशी बसायचं नाही. पॉल मोझेच्या रेस्टॉरंटमधल्या सहकाऱ्यांची हीच गोष्ट.

आणि ज्यांच्यावर सगळीच दारं बंद होती, त्यांना जहाजापलीकडचं जग कसं दिसलं? डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेला गेले. परदेशातल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी लिहिलंय. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीसाठी पोचले, तर राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी पथिकाश्रमात गेले. व्यवस्थापक नोंदवही घेऊन आला तेव्हा ते कपडे बदलत होते. अंगात सदरा-कस्ती नाही हे त्याला दिसलं, आणि हे पारशी नाहीत हे कळलं. मग पारशी नावाने नोंद आणि रोजचा दीड रुपया, यावर तडजोड झाली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं.

कपड्याची अट आहे, पैसेही आहेत. फक्त इथे पैसे मोजूनही दार उघडं राहत नाही. विलायतेहून आलेल्या बॅरिस्टरला नाशिकच्या तीर्थात स्नान करून निदान अर्ध्या जातीत परत जाता आलं. २ मार्च १९३० ला त्याच नाशिकमध्ये, गोदेपासून हाकेच्या अंतरावर, काळाराम मंदिराच्या दारासमोर हजारो माणसं सत्याग्रहाला उभी राहिली. त्यांच्यासाठी कुठलंच शुल्क ठरवलेलं नव्हतं. शुल्क त्यालाच लावतात ज्याला कधी ना कधी आत घ्यायचं असतं. हे मला या सगळ्या वाचनात सगळ्यात उशिरा कळलं, आणि कळायला सगळ्यात आधी हवं होतं.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९३१ मध्ये, गांधी मुंबईहून पी अँड ओच्याच 'राजपुताना' जहाजाने गोलमेज परिषदेला निघाले. दुसरा वर्ग, पंचा, शाल. ज्या मुलाने फ्लॅनेलचा सूट उतरण्याच्या दिवसासाठी राखून ठेवला होता, त्याने त्रेचाळीस वर्षांनी जहाजाचा ड्रेस कोड साफ बाजूला ठेवला. अर्थात तोवर त्यांचं नाव एवढं मोठं झालं होतं की त्यांना दारात अडवणार कोण? मोझेच्या सहकाऱ्यांना ही सवलत नव्हती.

जाता जाता, तीन गोष्टी

एक, प्रश्न घरातून आला तर त्याला हलका समजू नका. मावशीच्या कागदावरून निघून मी अठराव्या शतकात जाऊन आले.

दोन, आवडलेलं गृहीतक मोडणारं उदाहरण मुद्दाम शोधा. हनुमंतरावांना टाळून हा लेख लिहिता आला असता. गुळगुळीत झाला असता, पण चुकीचा.

तीन, तुमच्या विषयात टेबलाशी कोण बसलंय ते लिहून झालं की वाढणारे कोण आणि दाराबाहेर कोण, हेही विचारा. माझ्या द्राक्षांच्या कामातही आता मी बागेत छाटणी करणाऱ्या बायकांशी बोलते. सालीवरच्या बुरशीबद्दल त्यांना जे दिसतं ते माझ्या पेट्री डिशमध्ये येत नाही.

मावशीला परवा हे सगळं सांगितलं. ती स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, काका बाहेर झोपाळ्यावर. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आत जायचे पैसे द्यायचे, खायचे नाहीत." मी म्हटलं, "हो, तसंच." काका बाहेरून म्हणाले, "मग आम्ही तिकिटातलंच जेवू. चपला घालून."

जाताना मावशीने डबा दिला, आणि वाढप्याला टीप किती द्यायची असते ते तेवढं शोधून ठेव म्हणाली.